मधुमेही मुलांचा भत्ता आणि सोळावे वर्ष

टाइप १ मधुमेहाचा, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशा मधुमेहाचा, समावेश दिव्यांग हक्क कायद्यात व्हावा की नाही, यावर भारतातील पालकांमध्येच एकमत नाही. २०१६ च्या या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, मधुमेह नाही. समावेश मागणारे पालक इन्सुलिन, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि साखर सतत मोजणारे सेन्सर यांच्या आयुष्यभराच्या खर्चाचा दाखला देतात, तर विरोध करणाऱ्यांना ‘दिव्यांग’ या शिक्क्याची धास्ती वाटते, त्यातही मुलीच्या लग्नाची आणि नोकरीची. इंग्लंडमध्ये मधुमेही मुलीला वाढवताना माझे मत असे झाले आहे की हा वाद आजाराच्या नावाभोवती फिरतो आणि त्या आजारापायी घरात जे काम रोज करावे लागते, त्याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

येथे १६ वर्षांखालील मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा भत्ता आहे. त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न पाहिले जात नाही, पण केवळ निदानाच्या कागदावर तो मिळतही नाही. त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा या मुलाकडे किती अधिक लक्ष द्यावे लागते, हे पालकांना सविस्तर लिहून द्यावे लागते. दिवसा किंवा रात्री वारंवार लक्ष द्यावे लागत असेल तर मधला दर आणि दोन्ही वेळा लागत असेल तर सर्वांत वरचा दर मिळू शकतो. त्यामुळे जेवणातील कर्बोदके मोजून डोस ठरवणे, खेळाच्या तासाआधी साखर पाहणे, ताप आला की कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्ले) तपासणे आणि रात्री साखर उतरल्याचा सेन्सरचा अलार्म वाजला की झोपेतल्या मुलीला उठवून रस पाजणे, ही सारी कामे प्रथमच कागदावर येतात. या पद्धतीतली ही गोष्ट मला मनापासून पटते.

मात्र किशोरवयात हीच व्यवस्था मुलांना वाऱ्यावर सोडते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, साखर कारण नसताना चढते, आणि नेमके त्याच काळात मुलांना आईवडिलांची देखरेख नकोशी होते. चौदा वर्षांचा मुलगा स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेतो, एवढ्यावरून तो आजार सांभाळतो असे मानणे धोक्याचे आहे, कारण लागोपाठ डोस चुकले तर रक्तात कीटोन धोकादायक प्रमाणात साठून (कीटोअ‍ॅसिडोसिस) त्याला रुग्णालयात न्यावे लागते. तरीही इंग्लंडमध्ये १६ व्या वर्षी मुलांना पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट या मोठ्यांच्या भत्त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. तेथे दैनंदिन जीवनाच्या भागात किमान ८ गुण लागतात, आणि औषध घेण्यासाठी किंवा आजारावर लक्ष ठेवण्यासाठी दुसऱ्याची मदत लागते, याला सहसा १ गुण मिळतो. रात्रीच्या ज्या जागरणावर आदल्या वर्षी भत्ता मिळत होता, ते जागरण या तक्त्यात जवळपास नाहीसे होते. मला हा अन्याय वाटतो. स्कॉटलंडने मुलांचा भत्ता १८ व्या वर्षापर्यंत चालू ठेवण्याची सोय केली आहे, ती अधिक शहाणपणाची आहे.

येथे येऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. कामाच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट साधारणपणे असते आणि हा भत्ता त्या निधीत मोडतो. मुलावर उपचार होतात, भत्ता मात्र मिळत नाही.

भारतात काहीच घडत नाही असे नाही. २०१७ मध्ये सीबीएसईने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात खाऊ नेण्याची परवानगी दिली. पण परीक्षेतील सवलत आणि घरातील सांभाळाचा मोबदला या वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या कायद्यात टाइप १ मधुमेह आला आणि लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट तशीच राहिली, तर ज्या मुलाची साखर पालकांनी रात्ररात्र जागून आटोक्यात ठेवली, तेच मूल तपासणीत सुदृढ ठरून वगळले जाण्याची भीती आहे. म्हणून मागणीत दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात असे मला वाटते: तपासणी उपचार आणि देखरेख यांच्या रोजच्या गरजेची व्हावी, आणि ती मदत १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत बंद होऊ नये. शिक्क्याच्या धास्तीलाही उत्तर आहे. येथे मुलाला भत्ता मिळतो हे शाळेला किंवा पुढे नोकरी देणाऱ्याला आपोआप कळवले जात नाही, आणि तशीच गोपनीयता भारतातील कायद्याच्या मसुद्यातच मागता येईल.