कोणी बदललं, ते तरी सांगा!

काल रात्री पावणेदोनला पुन्हा फोन. गंगापूर रोडवरचं आमचं घर गाढ झोपलेलं आणि मी अंधारात लॅपटॉप उघडून बघतेय तर काय, डेटाबेस क्लस्टरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुणाला आत सोडायचं, त्या नियमांच्या यादीत) डेटाबेसच्या ५४३२ पोर्टसमोर ०.०.०.०/०. म्हणजे अख्ख्या जगाला दार सताड उघडं! कुणीतरी 'जरा टेस्ट करायचंय' म्हणून उघडलं आणि तसंच सोडून गेलं.

कुणी? टीमच्या चॅट ग्रुपवर विचारलं तर सगळे चिडीचूप. क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे क्लाउडवर कुणी काय बदललं त्या नोंदवहीत, नाव 'अ‍ॅडमिन'. ते एकच लॉगिन सहा जण वापरतात! मग त्या नोंदीचा उपयोग काय, कपाळ? प्रत्येकाला वेगळा आयडी द्या, हे वर्षभर घसा फोडून सांगतेय.

मागे कुणीतरी याच पोस्टग्रेस डेटाबेसचं मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील ती मर्यादा) कमी करून ठेवलं. तो बदल रीबूटशिवाय लागूच होत नाही. बारा दिवसांनी रीबूट झाला, अ‍ॅप आडवं पडलं आणि बोलणी खाल्ली मी.

बदल झाला की लगेच अलर्ट यावा, एवढंच मागतेय. क्लाउडट्रेलच्या नोंदी बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीत) साठवल्या नाहीत तर ९० दिवसांपलीकडचं काही दिसत नाही, हेही लिहून दिलंय. उत्तर ठरलेलं, "बघू पुढच्या स्प्रिंटला", म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत.

अरे, त्या डेटाबेसमध्ये निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांचे बँक खाते क्रमांक आहेत! विश्वासाने दिलेत त्यांनी.

पोर्ट मी रात्रीच बंद केलं. सकाळी साडेनऊला एकाचा मेसेज, "ताई, घरून कनेक्ट होत नाहीये, काही बदललंय का?"