वीस रुपयांचा पुदिना

गेल्या रविवारी घरी पाणीपुरीचा बेत होता आणि पुदिना आणायचं काम माझ्याकडे. २० रुपये मोजून जुडी घेतली, पिशवीत टाकणार तेवढ्यात मागून एक हात आला. आमच्या सोसायटीतले काका. त्यांनी जुडी काढून घेतली, एक पान खुडलं, चोळलं, हुंगलं आणि चक्क खाल्लं. मग डोळे मिटले. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली.

"जून आहे," निकाल लागला.

"चालतंय काका, पाण्यातच जायचाय."

"मिक्सर किती फिरवणार?"

"बारीक होईपर्यंत."

काकांनी भाजीवाल्या मावशींकडे असं पाहिलं, की मी जणू गायीला विष घालणार आहे. "अरे, मिक्सर तापला की पुदिना काळा पडतो! बर्फ टाक. लिंबू वाटतानाच पिळ. आणि मीठ?"

"काळं मीठ."

"पादेलोण म्हण! लाजतोस काय? नावातच वास आहे त्याच्या!"

हे भर बाजारात, टिपेच्या आवाजात. टोमॅटो निवडणारी मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. तिथून गाडी उत्तर प्रदेशात गेली. बाराबंकीकडे मेंथाची, म्हणजे पुदिन्याच्याच एका जातीची, शेतंच्या शेतं, त्याचं तेल काढतात, "तू डोक्याला चोळतोस ना बाम, त्यातलं मेंथॉल तिकडचं!" त्या क्षणी मला बामच हवा होता.

शेवटी म्हणाले, "दोन काड्या घेऊ? कुंडीत लावतो." मी "घ्या की" म्हटलं. संस्कार नडतात. त्यांनी पाच घेतल्या, त्याही कोवळ्या शेंड्यांच्या. जून माल मला.

घरी पानं खुडायला बसलो. 'एक वाटी पुदिन्याची पानं' असं रेसिपीत लिहायला काय जातं? वाटी भरायला पाऊण तास गेला. भाजीला एवढाले देठ आणि पानं बघावीत तर मूठभर. परवा एका कॅफेत मोहितो घेतला होता. मुळात क्यूबाचं पेय, त्यात रम असते. आपल्याकडे रम काढतात, किंमत ठेवतात. २८० रुपयांत सोडा, बर्फ आणि सहा पानं. मोजली मी. तिथे नाही कुठला काका जुडी हुंगायला येत!

काकांवरच्या रागात बर्फ टाकायचा राहिला. लिंबूही. पाण्याला शेवाळलेल्या हौदाचा रंग आला. मेव्हण्याने दोन्ही पातेल्यांत डोकावून विचारलं, "दोन्हीकडे चिंचेचंच आहे का?" पुऱ्या मात्र त्याने अठरा खाल्ल्या.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. चेहरा नातू झाल्यासारखा.

"मुळं फुटली रे! नुसत्या पाण्यात ठेवल्या होत्या, आठ दिवसांत फुटली. आता लावतो कुंडीत." तळमजला आला. बाहेर पडता पडता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लागला तर सांग. दोन-चार पानं देईन."