टिरोलच्या मार्गारेटेचा चेहरा आणि एक खोटी कहाणी

फुगीर नाक, सुरकुतलेली मान, घट्ट कंचुकीतून वर आलेली छाती आणि डोक्यावर दोन शिंगांसारखे शिरोभूषण अशा एका वृद्धेचे चित्र समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. त्याखालच्या मजकुराचे सार असे: ही आल्प्समधील टिरोल किल्ल्याची मालकीण मार्गारेटे माउलटाश, इतिहासातील सर्वांत कुरूप स्त्री, तिचे रूप पाहून पहिला नवरा पळून गेला, तिने शेजारच्या किल्ल्यांवर फौजा नेल्या, दुसऱ्या नवऱ्याला आणि पोटच्या मुलाला विष दिले आणि अखेर एकाकी पडल्यावर सारा मुलूख हाब्सबर्ग घराण्याला दान केला. शेवटच्या विधानाचा अर्धा भाग सोडला, तर यातले काहीही पुराव्यापुढे टिकत नाही.

प्रथम चित्राविषयी. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि अँटवर्पचा चित्रकार क्विंटेन मासिस याने ते १५१३च्या सुमारास ओकच्या फळीवर तैलरंगात रंगवले. मार्गारेटे १३६९ मध्ये वारली, त्यामुळे चित्रकाराने तिला पाहिले असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या हयातीतले एखादे चित्र पाहून त्याने ते रंगवले असेल, असेही म्हणता येत नाही, कारण त्या काळी हुबेहूब व्यक्तिचित्रे काढण्याची रीत तिकडे नुकती कुठे सुरू होत होती. ऑस्ट्रियाचा हाब्सबर्ग ड्यूक असलेल्या ज्या रुडॉल्फ चौथ्याच्या हाती तिने पुढे टिरोल सोपवले, त्याचेच व्हिएन्नातील चित्र आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत जुन्या स्वतंत्र व्यक्तिचित्रांत गणले जाते. मासिसचे चित्र नीट न्याहाळले, तर ते कोणा उमराव स्त्रीचे नसून उपहासचित्र आहे हे उमगते. शिरोभूषणाची तऱ्हा चित्रकाराच्या काळी कित्येक दशके जुनी झालेली होती. हातात प्रणयाची खूण असलेली गुलाबाची कळी आहे. आणि या चित्राच्या जोडीला एका म्हाताऱ्याचेही चित्र आहे, ज्यात पुरुषाची मानाची बाजू या बाईने बळकावलेली दिसते. वय उलटून गेल्यावरही नटूनथटून प्रियकर शोधणाऱ्यांची ही थट्टा आहे. लिओनार्दो दा विंचीच्या वर्तुळातील एका रेखाटनात जवळजवळ हाच चेहरा आढळतो, हेही ध्यानात घ्यावे. टिरोलच्या मार्गारेटेचे नाव या चेहऱ्याला कैक पिढ्यांनंतर चिकटवले गेले, आणि तो शुद्ध बादरायण संबंध आहे. चित्रातील बाईला हाडांचा पॅजेट रोग असावा असे निदानही काही वैद्यांनी केले आहे. ते बरोबर असो वा नसो, रोगी मार्गारेटे नव्हती.

दुसरे विधान कुरूपतेचे आणि पळून गेलेल्या नवऱ्याचे. तिचा समकालीन असलेला विंटरथूरचा योहान हा फ्रान्सिस्कन बखरकार तिला अत्यंत सुंदर म्हणतो. हा साधू तिच्या बाजूचा नव्हता, म्हणून त्याची साक्ष अधिक मोलाची. नवऱ्याच्या बाबतीत तर घटना नेमकी उलटी घडली. टिरोल म्हणजे ब्रेनर खिंडीकडे जाणारा रस्ता, तिथली जकात आणि हाल गावचे मिठागर; जर्मनीतून इटलीत उतरणाऱ्या प्रत्येक सम्राटाला हा मुलूख आपल्या माणसाच्या हाती हवा असे. मेरान गावाच्या वर उभ्या असलेल्या ज्या किल्ल्यावरून साऱ्या प्रांताला नाव मिळाले, तो मूळ काउंट घराण्याची पुरुषशाखा १२५३ मध्ये खुंटल्यावर गोरित्सियाच्या मायनहार्ड घराण्याकडे आला होता. मार्गारेटेचा पिता हाइनरिश याला मुलगा नव्हता. त्याने मुलीच्या वारसाहक्काला सम्राटाची मान्यता मिळवली आणि १३३० मध्ये बारा वर्षांच्या मार्गारेटेचे लग्न बोहेमियावर राज्य करणाऱ्या लक्झेंबर्ग घराण्यातील आठ वर्षांच्या योहान हाइनरिशशी लावून दिले.

१३३५ मध्ये पिता वारल्यावर हा घरजावई आणि त्याच्या मागून आलेली बोहेमियाची माणसे टिरोलचा कारभार आपल्याच तंत्राने चालवू लागली. स्थानिक उमराव बिथरले. १३४१च्या नोव्हेंबरात योहान हाइनरिश शिकारीहून परतला, तेव्हा टिरोल किल्ल्याचे दरवाजे त्याच्यासाठी बंद होते. इतर गढ्यांनीही त्याला थारा दिला नाही आणि अखेर त्याला आक्विलेयाच्या धर्माधिपतीकडे आश्रय घ्यावा लागला. तेव्हा तो पळून गेला नाही, त्याला बाहेर काढले गेले. पुढच्याच फेब्रुवारीत मार्गारेटेने सम्राटाचा मुलगा, विटल्सबाख घराण्यातील लुडविग, याच्याशी लग्न केले. पहिला विवाह पूर्णत्वास गेलाच नाही असे तिचे म्हणणे होते, परंतु पोपने तो रद्द ठरवलेला नव्हता. ऑकमचा विल्यम आणि पादुआचा मार्सिलियस या दोन पंडितांनी सम्राटाच्या बाजूने लेखणी चालवली. पोप क्लेमेंट सहाव्याने नवदांपत्याला धर्मबहिष्कृत केले आणि टिरोलमधील धर्मविधी बंद पाडले. हा बहिष्कार १३५९ पर्यंत उठला नाही. इतकी वर्षे व्यासपीठांवरून जिची निंदा चालू होती, तिच्या नावाला बदनामी चिकटली यात नवल नाही. माउलटाश, म्हणजे शब्दशः ‘पिशवीसारखे तोंड’, हे टोपणनावही या निंदेच्याच पोटी आलेले दिसते. त्यावरून तिच्या तोंडाचा आकार ठरवणे हास्यास्पद आहे.

फौजांच्या गोष्टीत होखऑस्टरवित्स किल्ल्याचा वेढा हमखास येतो: उपासमारीने टेकीस आलेल्या शिबंदीने शेवटचा बैल मारून त्याच्या पोटात उरलेले धान्य भरले, तो तटावरून खाली टाकला आणि आत अजून रेलचेल आहे असे समजून मार्गारेटे परत फिरली. हा प्रसंग १३३४चा सांगतात. त्या वर्षी ती सोळा वर्षांची होती, पिता हयात होता आणि कॅरिंथिया, जिथे हा किल्ला आहे, तो प्रांत त्याच्याच ताब्यात होता; आपल्याच बापाच्या मुलखातील किल्ल्याला तिने वेढा कशासाठी घालावा? फ्रान्समधील कारकासोन शहरात हीच कथा डुकराच्या रूपात सांगतात. वेढ्याशी तिचा खरा संबंध आला तो १३४७ मध्ये, तोही बचाव करणारी म्हणून. पहिल्या नवऱ्याचा भाऊ कार्ल, पुढे सम्राट झालेला चौथा कार्ल, टिरोलवर चालून आला तेव्हा लुडविग दूर होता. मार्गारेटेने किल्ला सोडला नाही, आणि हात हलवत परतणाऱ्या कार्लने बोत्सेन आणि मेरान जाळून राग काढला.

विषप्रयोगाला समकालीन आधार नाही. लुडविग १३६१ मध्ये वारला आणि मुलगा मायनहार्ड १३६३च्या जानेवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी. मुलगा गेल्याने मार्गारेटेचा सगळा आधारच तुटला. हे तिने स्वतःहून ओढवून घेतले असे म्हणायला काही कारण तरी दाखवायला हवे.

राहिले दान. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, टिरोलच्या उमरावांच्या संमतीने, तिने मुलखाचा वारसा रुडॉल्फ चौथा आणि त्याच्या भावांच्या नावे लिहून दिला. रुडॉल्फची बहीण तिची सून होती आणि तो ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून आला होता. लुडविगच्या विटल्सबाख घराण्याने हे मानले नाही. त्यांनी टिरोलवर चढाई केली आणि वाद १३६९ मध्ये शेर्डिंगच्या तहाने मिटला, ज्यात हाब्सबर्गांना त्यांचा हक्क सोडवण्यासाठी १,१६,००० गुल्डेन मोजावे लागले.