खुलासा : तो फोटो रंगीत नव्हे, रंगवलेला
‘१८९५ सालचा बेळगावचा रंगीत फोटो’ म्हणून शहापूर-खानापूरकडच्या ग्रुपांवर नऊवारीतल्या एका बाईंचा फोटो फिरतोय. मूळ प्रत आमच्या घरातली, म्हणून सांगतो: फोटो काळा-पांढरा, वरून ब्रशने रंग दिलेला. भिंगातून बघा, काठाचा हिरवा बोटांवर उतरलाय. गाल तर जत्रेतल्या बाहुलीसारखे!

तेव्हा रंगीत फोटो अशक्यच होता असं मात्र नाही. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्येच लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो काढवून ते पडद्यावर एकावर एक पाडले होते. पण फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट, म्हणजे थेट रंगीत फोटो काढायची काच, बाजारात आली १९०७ मध्ये. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण तिच्यावर पसरलेले असत, आणि चित्र काचेवरच राही. आमचा फोटो पुठ्ठ्यावर डकवलेला कागद आहे.