लग्न झालं की नायिकेची स्कूटी कुठे जाते?

चार महिने मी आणि सासूबाई टीव्हीवरच्या मालिकेतल्या त्या पोरीचं बघत होतो. एमबीए झालेली, स्कूटीवरून ऑफिसला जाणारी, वडिलांचं कर्ज एकटीनं फेडणारी. लग्न लागलं आणि स्कूटी गेली, ऑफिस गेलं, कर्जाचं तर कुणी नावच काढत नाही! आता ती भरजरी साडी नेसून पूजेचं ताट घेऊन जिन्याखाली उभी असते आणि नणंद दुधात काय मिसळते ते पडद्याआडून बघते. राजीनामा कधी दिला? कुणाला विचारून दिला? एक वाक्य तरी लिहा की ओ! थोरला झाला तेव्हा मी दोन वर्षं नोकरी सोडली होती. भाजीला दहा-वीस रुपये मागतानाही जीव कसा कानकोंडा होतो, ते मला विचारा.

बरं, घरात असते म्हणावं तर घरकाम तरी कुठे दिसतं? आमच्या बेळगावच्या वडगावात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घागरी, बॅरल, टाकी सगळं भरून घ्यायचं, त्यावरून जावेशी वाजतं, मग भाकऱ्या, डबे आणि धावत बस. यांच्या स्वयंपाकघरात सिलिंडर संपत नाही, खरकटं भांडं पडत नाही.

सासू-सुनेचं भांडणच पाहिजे ना तुम्हाला? घ्या. २०२३ साली कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना आली, महिन्याला २००० रुपये, रेशनकार्डावर जी बाई प्रमुख तिच्या खात्यात. एकत्र घरात ती बहुधा सासूच. आमच्या गल्लीत कुठे अबोला धरला, कुठे कार्ड वेगळं करायची भाषा झाली, तर कुठे सासूनं निम्मे पैसे आपणहून सुनेच्या हातावर ठेवले. त्याच वर्षी जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. खानापूरला माहेरी जायला आता मला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. लग्न झालेल्या बाईला ही गोष्ट केवढी मोठी आहे! तिकडे महाराष्ट्रातही एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे १५०० रुपये सुरू झाले. ह्या पैशावरून घराघरात काय काय बदललं, ते कुठल्या मालिकेत आलं?

रोजचा भाग द्यायचा असतो, बाहेरचं शूटिंग परवडत नाही, दर आठवड्याला टीआरपी येतो, हे सगळं ऐकून झालंय. पण मी सांगते ते सगळं चार भिंतींच्या आतच घडतं. त्याला वेगळा सेट लागत नाही. बाई दिवसभर काय करते हे माहीत असावं लागतं.

आणि आम्हाला हे एवढं का लागतं, तेही ऐका. माझ्या धाकटीची शाळा कन्नड, सरकारी कागद कन्नड. संध्याकाळचे दोन तास घरात जी बाहेरची मराठी ऐकू येते ती ह्या मालिकांची. सासूबाई म्हणायच्या, बघू दे तिला, भाषा राहील. काल ती मला विचारते, "आई, तुझं पण लग्न झालंय ना? मग तू अजून ऑफिसला का जातेस?"

मला बोलायलाच सुचेना. सासूबाईंनी उठून टीव्ही बंद केला.