'सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं' म्हणणाऱ्यांनो

"आजोबांना ना, सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. पैशाचं काढून बघा!" घराघरात हे वाक्य फेकलं जातं, सगळे फिदीफिदी हसतात, आणि आजोबाही हसतात. कशाला हसले ते त्यांना कळलेलं नसतं, पण सगळे हसतायत तर आपणही हसलेलं बरं. यात विनोद कुठे आहे, ते कुणीतरी सांगा.

सोयीचं-गैरसोयीचं काही नसतं हो. वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे जात नाहीत. वरच्या पट्टीतले आधी जातात. ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद एकदा हातात घेऊन बघा: आडवे आकडे 250 ते 8000 हर्ट्झ, म्हणजे आवाजाची पट्टी, उभे डेसिबल, म्हणजे आवाजाचा जोर, लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. बहुतेक म्हाताऱ्या माणसांची रेघ 500 पर्यंत 20-25 वर आरामात चालते आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली जाते, 4000 ला थेट 60. आता मराठी बोलणं यात बसवा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. शब्द कोणता ते ठरवणारे स, श, त, ठ, ख, फ हे बरेचसे वरच्या पट्टीतले, आणि मुळातच कमजोर. त्यामुळे 'सात' आणि 'साठ' कानाला एकच. गोळी सातला घ्यायची, की साठ रुपयांची आणायची? "आवाज येतो, पण काय बोललात ते कळत नाही" असं ते म्हणतात तेव्हा ते अक्षरशः खरं असतं.

मुलगा समोर बसून, टीव्ही बंद करून, भरदार आवाजात विचारतो, "एफडी मोडायची का?" तोंड दिसतं, विषय ओळखीचा, कळतं. सून ओट्यापाशी, पाठमोरी, नळ सुरू, मिक्सर घरघरतोय, आणि तिथूनच "बाबा, ताक देऊ का?" नाही कळत. नातीचा आवाज तर बारीक आणि ती बोलते भराभर. यात कुणाचा मानभावीपणा आला? 'बायकोचंच बरं ऐकू येत नाही' हा मोबाईलवर फिरणारा विनोदही याच रेघेतून निघालाय, कारण बायकांचा आवाज बहुधा वरच्या पट्टीतला असतो.

बरं, मग उपाय काय काढतात? ओरडायचं! कानाशी तोंड नेऊन बोंबलायचं! ओरडल्याने स्वर वाढतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, वर तोंड वेडंवाकडं झाल्याने ओठ वाचणंही बंद. त्यातून आतल्या कानाच्या पेशी गेलेल्या असल्या की हलका आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, मधली जागाच आक्रसलेली. म्हणून आधी "काय?" आणि लगेच "ओरडतोस कशाला!" यावरून भांडणं होतात आणि शिक्का बसतो 'चिडका म्हातारा'.

यापेक्षा वाईट एकच वाक्य आहे: "जाऊ दे, काही नाही." दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा हे तोंडावर. दिवसातून दहा वेळा हे ऐकलेला माणूस विचारायचंच सोडतो. हो ला हो म्हणतो. मग लग्नकार्य नको, भजनी मंडळ नको, फोन तर नकोच. दिवसभर अर्ध्या शब्दांवरून वाक्यं जुळवून मेंदू इतका शिणतो की संध्याकाळी त्यांना नुसतं पडून राहावंसं वाटतं. घरचे म्हणतात आळशी झाले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017, 2020 आणि 2024 या तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू कमी येणं धरलंय. पडण्याचा धोकाही थोड्याशाच कमी ऐकण्याने वाढतो. आणि घरात चर्चा काय, तर "टीव्ही केवढा मोठा लावतात!"

कानातल्या आवाजाची तर आणखी थट्टा. रातकिडे, शिट्टी, कुकरची वाफ, जे काय वाजतं ते चोवीस तास, आणि त्यावर सल्ला, "लक्ष देऊ नका." अरे, तो आवाज बाहेर नाहीच! कानाकडून ज्या पट्टीतला आवाज यायचा बंद झाला, तिथे मेंदू आपला आवाज वाढवून बसतो, म्हणून रात्री सगळं शांत झालं की तो जास्त वाजतो. पंखा किंवा पावसाचा आवाज मंद लावून ठेवायचा, शिट्टी पुरती बुडेल इतका नाही, तिच्याहून किंचित खालचा. बायको म्हणते आवाज बंद करा, नवरा म्हणतो बंद केला तर झोप लागत नाही. उशीखाली ठेवायचा छोटा स्पीकर हा साधा तोडगा कुणी सुचवत नाही. ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लावल्यावर पुष्कळांची शिट्टीही मंदावते. झोप आणि घालमेल यांसाठी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत कामाला येते. 'कर्णनाद मुळापासून बरा' असल्या थेंबांच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. लसूण घालून कोमट केलेलं तेल तर अजिबात नको, पडद्याला भोक असेल तर वाट लागते.

एकाच कानात आवाज, नाडीबरोबर धकधक, चक्कर, यातलं काही असेल तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आणि सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद झाला असेल तर 'मळ असेल, बघू' म्हणत आठवडा काढू नका. त्यात स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होतो. दोन आठवडे उलटले की संधी हातची जायला लागते.

आता मशीन. "घेऊन दिलंय हो, लावतच नाहीत, पडलंय कपाटात." कसं लावतील? तपासणी झाली दुकानाच्या हॉलमध्ये, पंखा सुरू ठेवून. पैसे वाचवायला दोन कानांऐवजी एकच घेतलं. सेटिंग कॉम्प्युटरने सुचवलं तेच ठेवलं, कानात बारीक नळी घालून आवाज खरंच कुठवर पोचतो ते मोजलं नाही. त्या मोजणीला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, पैसे देण्याआधी विचारा, आणि नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. ऑनलाइन मिळणारी हजार रुपयांची यंत्रं सगळंच सारखं मोठं करतात, म्हणजे भांड्यांचा खणखणाट आधी. पहिल्या दिवशी बारा तास लावायला लावलं तर कुणीही काढून फेकेल. दोन तासांपासून सुरुवात, शांत खोलीत, एका माणसाशी. सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. शिट्टी मारतंय? कानात बसणारा मशीनचा साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. आवाज घुमतोय? साच्याचं हवेचं भोक मोठं करून मागा. पावसाळ्यात रात्री बॅटरीचं दार उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. बटण सेलचं स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग आत घालायचं, नाहीतर सेल लवकर उतरतो आणि बोल मशीनला लागतात. यातलं म्हाताऱ्या थरथरत्या बोटांना किती जमेल? रोज पाच मिनिटं घरातल्या कुणी दिली तर? पण नाही, पाहुण्यांसमोर "मशीन लावलंय का?" असं खेकसायला मात्र वेळ आहे.

आणि बोलायचं कसं, हेही सांगायला लागतं. आधी नाव घ्या, नजर वळली की बोला. हातभर-दोन हातांवर, उजेड तुमच्या तोंडावर. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा नको, शब्द बदला: "ताक देऊ का" नाही कळलं तर "जेवताना प्यायला ताक हवंय?" म्हणा. आणि त्याआधी तो मिक्सर बंद करा.