राज्यांचे हक्क? कुठले हक्क?

"अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून आणि जकातीवरून झालं. लिंकनला गुलामांचं सोयरसुतक नव्हतं, त्याच्या जाहीरनाम्याने एकही गुलाम सुटला नाही. गुलामगिरी तशीही आपोआप संपलीच असती." हा मजकूर अधूनमधून नव्या उत्साहाने फिरत असतो.

आधी हक्क. संघराज्यातून सर्वांत पहिलं फुटलं दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना, डिसेंबर 1860 मध्ये. का फुटलो, तेही त्यांनी रीतसर लिहून ठेवलंय. तक्रार काय, तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, त्याबद्दलचा केंद्राचा कायदा धाब्यावर बसवतात. न्यूयॉर्कची न्यायालयं तर गुलामांना घेऊन राज्यातून नुसतं जाऊही देत नाहीत. म्हणजे त्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हाच त्यांचा गुन्हा! मिसिसिपीने आडपडदाही ठेवला नाही: आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं सरळ लिहिलं. पुढे फुटलेल्या बंडखोर राज्यांनी स्वतःची राज्यघटना केली, तीत गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायलाच मनाई. इतकं स्वच्छ लिहून ठेवल्यावर आपण वेगळं कारण का शोधायचं?

जकातवाढीचा कायदा झाला मार्च 1861 मध्ये. तोवर सात राज्यांनी फुटण्याचे ठराव केलेही होते.

लिंकनबद्दलचं अर्धं खरं आहे. तो लढला आधी संघराज्य टिकवायला. एकही गुलाम मुक्त न करता ते वाचत असेल तर तसंही करीन, हे त्याचं ऑगस्ट 1862 चं पत्र अशा मजकुरात हमखास असतं. पण महिनाभर आधीच त्याने बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, हे कुणी सांगत नाही.

आणि एकही सुटला नाही? साउथ कॅरोलायनाची किनाऱ्यालगतची बेटं 1861 पासून उत्तरेच्या फौजेकडे होती. तिथले हजारो लोक 1 जानेवारी 1863 ला, त्याच दिवशी, मुक्त झाले. केंटकी, डेलावेअर ही गुलामगिरी असूनही न फुटलेली राज्यं मात्र जाहीरनाम्यातून वगळलेली. तिथे डिसेंबर 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. पण याच जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली आणि सुमारे 1,80,000 जण उत्तरेकडून लढले.

राहता राहिलं "आपोआप". 1860 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात धडधाकट तरुण गुलामाला हजार डॉलरहून कितीतरी जास्त भाव होता आणि भाव चढतच होते. गुलामांनी पिकवलेला कापूस युद्धामुळे अडकला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि इथले दर आभाळाला भिडले. मोडीत निघालेला धंदा असा नसतो.